जिना-सिद्धान्त आणि पितळेचं चाक

मेकॅनिकने रेकॉर्ड प्लेअर टेबलावर उताणा केला, त्याच्या पोटातला रबरी पट्टा बोटाने बाजूला सारला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "मॅडम, हे मशीन कुणी ऐकायचं का, की नुसतं शोभेला होतं?"

"चाळीस वर्षं रोज ऐकलंय," मुलगी म्हणाली.

"कुणी?"

"माझ्या वडिलांनी. ते जॅझचे समीक्षक होते."

"अच्छा," मेकॅनिक म्हणाला. घरात अजगर पाळलाय हे कळल्यावर पाहुणा जितक्या बेताने म्हणेल, तितक्या बेताने. "मग त्यांच्या काही लक्षात नाही आलं?"

"काय लक्षात यायला हवं होतं?"

"हे हळू फिरतं."

"पट्टा सैल झाला असेल."

"पट्टा नवा आहे. मोटर ठणठणीत आहे. हे जन्मापासून हळू फिरतंय." त्याने मोटरच्या टोकावरचं करंगळीच्या नखाएवढं पितळेचं चाक दाखवलं. "हे मशीन जिथे बनलं तिथली वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते. आपली खाते पन्नास. ही मोटर विजेच्या तालावर चालते. म्हणजे सहा पावलं टाकायची तिथे हिने पाचच टाकली. गाणं संथ, आणि आवाजही जाड. इकडे आणल्यावर हे चाक बदलायला हवं होतं. कुणी आणलं होतं?"

"मामाने. जहाजावर इंजिनिअर होता."

"इंजिनिअर होते," मेकॅनिक म्हणाला आणि त्याने चाकावरची धूळ फुंकली.

मुलगी म्हणजे वय वर्षं एक्कावन्न. पण एकुलत्या एका अपत्याला घरात बढती मिळत नाही. पोटासाठी ती प्रकाशकांची मुद्रितं तपासायची. पुस्तक छापलं जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. वडील जाऊन अकरा महिने झाले होते. त्यांच्या निवडक लेखांचं पुस्तक येत्या रविवारी प्रकाशित व्हायचं होतं, आणि समारंभात वीस मिनिटं त्यांच्याच मशीनवर त्यांची आवडती रेकॉर्ड वाजवावी असं समितीने ठरवलं होतं. मशीनचा एक पाय डुगडुगत होता, म्हणून मेकॅनिकला बोलावलं. पाय बसवायला दोन मिनिटं लागली. बाकीची भानगड त्यानंतर सुरू झाली.

"माझ्याकडे बरोबर मापाचं चाक आहे," मेकॅनिक म्हणाला. "बसवू?"

काही प्रश्नांना 'नाही' म्हणावं हे माणसाला नंतर सुचतं. ती म्हणाली, "बसवा."

चाक बसलं. तिने कपाटातून ती रेकॉर्ड काढली. या रेकॉर्डवरच्या गायिकेवर वडिलांनी एकूण सात लेख लिहिले होते. त्यांनी तिला 'तळघरातला आवाज' असं नाव दिलं होतं. 'ही बाई गात नाही. विहिरीच्या तळाशी बसून ती वर आभाळाच्या तुकड्याकडे बघते,' हे वाक्य तर त्यांच्या वाचकांना पाठ होतं. सुई टेकली. खोलीत एक वीस-बावीस वर्षांची मुलगी शिरली आणि मजेत गाऊ लागली. विहीर नव्हती, तळघर नव्हतं. बहुधा दुपारची वेळ होती, आणि तिला कुणीतरी फिरायला नेणार होतं.

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. हात पदराला पुसत ती गाणं संपेपर्यंत दारातच उभी राहिली.

"ही कोण नवीन?"

"नवीन नाही, आई. ही तीच आहे."

"ती रडकी?"

"तीच. मशीन हळू चालायचं म्हणतायत हे."

आईने मशीनकडे पाहिलं, मेकॅनिककडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे न पाहता म्हणाली, "चांगली गाते की. आधी कळलं असतं तर मीही बसले असते त्यांच्याबरोबर. मला वाटायचं, रविवारी सकाळी कुठे ते दुःख ऐकत बसायचं." आणि पुन्हा आत गेली. आतून भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा थोडा उशिरा सुरू झाला.

या मशीनचं घरात विशेष स्थान होतं. सासुरवाडीकडून आलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये समीक्षकांनी ही एकच वस्तू नावं न ठेवता वापरली होती. त्यांना सगळे 'समीक्षक' म्हणत, दूधवालासुद्धा. दर शुक्रवारी वर्तमानपत्राच्या सहाव्या पानावर त्यांचं सदर यायचं, ते एकतीस वर्षं आलं. त्या सदरातून त्यांनी एक सिद्धान्त मांडला आणि तो त्यांच्या नावाने रूढ झाला. खरं जॅझ म्हणजे ओझं घेतलेल्या माणसाने जिना चढणं. प्रत्येक पायरीवर तो थांबतो, श्वास घेतो, ओझं सावरतो. जे वाजवणं थांबत नाही ते जॅझ नव्हे, ती लगबग. याला 'जिना-सिद्धान्त' म्हणतात. विद्यापीठात त्यावर एक प्रश्न हमखास असायचा, दहा गुणांचा.

मेकॅनिक गेल्यावर मुलीने वडिलांच्या फायली काढल्या. चुका शोधण्याची सवय असलेल्या माणसाला एक चूक सापडली की तो थांबत नाही. ढेकूण एकटा नसतो हे त्याला माहीत असतं.

पहिल्याच फायलीत रेडिओ केंद्राशी झालेला पत्रव्यवहार होता. समीक्षकांनी केंद्राला सहा पत्रं पाठवली होती. आरोप एकच: 'आपण जाहिरातींना जागा करण्यासाठी रेकॉर्डी पळवता.' पहिल्या पाच पत्रांना केंद्राने नम्रपणे नकार दिला होता. सहाव्या पत्रानंतर केंद्रसंचालकांनी लेखी माफी मागितली होती, आणि संबंधित निवेदकाची बदली केल्याचं कळवलं होतं. बिचारा निवेदक शेतीविषयक कार्यक्रमात गेला.

दुसऱ्या फायलीत रेकॉर्डवर छापलेल्या वेळेबद्दलचा लेख होता. अठरा मिनिटं छापलेली बाजू प्रत्यक्षात साडेएकवीस मिनिटं चालते हे समीक्षकांनी मनगटी घड्याळ लावून, तब्बल चाळीस रेकॉर्डींवर सिद्ध केलं होतं. निष्कर्ष: श्रोत्याला धीर नसतो, म्हणून कंपन्या वेळ कमी छापून त्याला फसवतात. चाळीसही रेकॉर्डींमध्ये फरक नेमका सारखाच आहे, हेही त्यांनी नोंदवलं होतं. 'यावरून या कंपन्यांची आपसात किती एकजूट आहे ते दिसतं.'

तिसरी फाईल एका सॅक्सोफोनवादकाची होती. त्याचं वाद्य नेहमीपेक्षा मोठं, खास घडवून घेतलेलं असणार, असं समीक्षकांनी त्याच्या जाड, खोल आवाजावरून ताडलं होतं. कंपनीला विचारलं. वाद्य साधंच आहे असं उत्तर आलं. समीक्षकांनी ते पत्र सदरात छापलं, शीर्षक दिलं: 'कंपनीचा खुलासा आणि त्यातली लपवाछपवी'.

आणि मग प्रत्यक्ष मैफली. प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांना मोटर नसते, त्यामुळे ते सगळे समीक्षकांच्या घरच्या जॅझपेक्षा वेगाने वाजवत. एकतीस वर्षांत एकही वादक पुरेसा संथ निघाला नव्हता. एकदा दूरदेशीचा एक नावाजलेला वाद्यवृंद आला. समीक्षकांनी लिहिलं: 'विमानातून उतरताना सामान उतरवलं, लय राहून गेली.' त्या वृंदाच्या प्रमुखाने स्वतःच रचलेली धून त्या दिवशी वाजवली होती. समीक्षकांच्या मते ती त्याला नीट समजलेली नव्हती.

मुद्रितात मोठी चूक सापडली की मुलगी कामावरून वडिलांना फोन करत असे. "सांग, सांग," ते म्हणत, आणि दुसऱ्याची चूक गोळी चघळावी तशी चवीने ऐकत. तिच्या सबंध नोकरीतली सर्वांत मोठी चूक आज समोर होती. तिचा हात फोनपर्यंत गेला. मग तो हात टेबल पुसायलाच निघाला होता असं तिने ठरवलं आणि टेबल पुसलं.

पुस्तकात शहाण्णव लेख होते. वेगाशी संबंध असलेले तिने बाजूला काढले, ते एक्क्याऐंशी भरले. उरलेल्या पंधरांपैकी नऊ मृत्युलेख होते, चार प्रस्तावनावजा होते, आणि दोन सभागृहातल्या खुर्च्यांबद्दल होते. खुर्च्यांवरचे लेख आजही निर्दोष होते. पण तेवढ्यावर पुस्तक उभं राहत नाही, आणि छपाईही पूर्ण झाली होती.

हेही तिने पचवलं असतं. मेलेल्या माणसाच्या चुका हा तसा घरचा मामला आहे. अडलं पान १४३ वर. तेहतीस वर्षांपूर्वी समीक्षकांनी एका तरुण ट्रम्पेटवादकाची पहिली मैफल ऐकली होती. 'या तरुणाच्या छातीत दम आहे,' त्यांनी लिहिलं होतं, 'पण तो वाजवत नाही. दुकान बंद होईल म्हणून रस्त्याने पळतो. त्याला कुणीतरी हात धरून जिन्यापाशी न्यायला हवं.' जाणकारांनी हा लेख वाखाणला होता. ट्रम्पेटवादकानेही तो वाचला, आणि मनावर घेतला. तो हळू वाजवू लागला. हॉटेलातल्या नाचाच्या बँडमध्ये त्याला नोकरी होती. तिथे लोक जोडीने उठायचे, चार पावलं टाकायचे आणि गोंधळून पुन्हा बसायचे. दोन महिन्यांत नोकरी गेली. पुढे त्याला काम मिळालं ते अंत्ययात्रेच्या बँडमध्ये. तिथे त्याने सव्वीस वर्षं काढली. तिथे कुणी तक्रार करत नाही.

मुलीला दोन गोष्टी हव्या होत्या आणि त्या एका पुस्तकात मावत नव्हत्या. वडील खरे ठरायला हवे होते, आणि पान १४३ खोटं ठरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती प्राध्यापकांकडे गेली. प्राध्यापक म्हणजे वडिलांचे शिष्य, समितीचे अध्यक्ष आणि पुस्तकाचे संपादक. जिना-सिद्धान्तावर त्यांचा चारशे बारा पानांचा प्रबंध होता, आणि त्या प्रबंधावर त्यांची खुर्ची. पुस्तकाला त्यांनी शेहेचाळीस पानांची प्रस्तावना लिहिली होती.

"बसा, ताई," ते म्हणाले. "चेहरा उतरलाय. साहजिक आहे. दिवस जवळ आला की आठवणी येतात."

"सर, बाबांचं मशीन हळू चालत होतं."

तिने सगळं सांगितलं. साठ, पन्नास, सहा पावलं, पाच पावलं. प्राध्यापक ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य येईना, तेव्हा तिला शंका आली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत असं नाही." प्राध्यापक उठले आणि दार लावून आले. "प्रबंधासाठी मी नवीन मशीन घेतलं होतं. त्याच्यावर रेकॉर्ड लावली, तर तो जिन्यावरचा माणूस रिकाम्या हाताने, दोन-दोन पायऱ्या चढतोय. मला वाटलं, मशीन खराब लागलं. दुकानातून बदलून आणलं. तेही तसंच."

"मग?"

"मग मी बोट लावलं."

"कुठे?"

"तबकडीच्या कडेला. हलकंसं." त्यांनी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. "असा दाब देत राहिलं की सर म्हणतात तसं बरोबर ऐकू यायचं. तो श्वास, ते ओझं, सगळं."

"किती दिवस?"

"साडेचार वर्षं. पेराला घट्टा पडलाय बघा."

मुलीने घट्टा पाहिला. चारशे बारा पानांचं एवढं ठोस प्रमाण तिने याआधी पाहिलं नव्हतं.

"सर, आपण पुस्तकात एक चिठ्ठी घालू या. शुद्धिपत्र. चार ओळी."

"ताई, शुद्धिपत्रात छपाईच्या चुका देतात. आयुष्याच्या नाही देत."

"पण पान १४३ वर एका जिवंत माणसाबद्दल—"

"तो येतोय ना रविवारी. मी स्वतः बोलावलंय. समीक्षेने घडवलेला कलावंत म्हणून. सुरुवातीला एक धून वाजवेल." प्राध्यापकांनी आवाज खाली आणला. "हे बघा, वेग म्हणजे तरी काय? वेग ही एक सामाजिक रचना आहे. यंत्र चुकलं म्हणून कान चुकत नाही. आणखी कुणाला माहीत आहे हे?"

"आईला. आणि मेकॅनिकला."

"मेकॅनिक बोलेल कुठे?"

"त्याला जॅझ आवडत नाही."

"उत्तम," प्राध्यापक म्हणाले. जॅझ न आवडणाऱ्या माणसाबद्दल ते आयुष्यात पहिल्यांदाच चांगलं बोलले असावेत. "मग रविवारी मशीन नको. मशीन दमलंय असं सांगू."

घरी आल्यावर मुलीने आईला सगळं सांगितलं. आई शेंगा सोलत होती.

"त्याला बोट लावून बसायला कुणी सांगितलं होतं?" आईने विचारलं.

"प्रश्न तो नाही, आई. मी रविवारी तिथे उभी राहून खरं सांगितलं तर बाबांचं काय राहील?"

"खुर्च्यांवरचे लेख राहतील म्हणालीस ना."

"आई."

"मी काय सांगू? मला त्यातलं कळत नाही, असं ते मला चाळीस वर्षं सांगत आले. आणि ते काही खोटं बोलत नसत." आईने एक दाणा तोंडात टाकला. "तुला काय वाटतंय ते कर. पण लांबड लावू नको. त्यांना लांबड लावायची सवय होती. लोक खोकायला लागायचे."

रविवारी ग्रंथालयाच्या सभागृहात ऐंशी खुर्च्या मांडल्या होत्या आणि साठ भरल्या होत्या. बहुतेक जण समीक्षकांचे जुने वाचक होते. काहींनी शुक्रवारची कात्रणं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. पहिल्या रांगेच्या टोकाला ट्रम्पेटवादक बसला होता. उंच, थोडा वाकलेला, काळा कोट, मांडीवर वाद्याची पेटी. मुलगी त्याच्यापाशी गेली. "काका, तुम्ही आलात."

"बोलावलं म्हणून आलो," तो म्हणाला. "तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच बोलावलं."

"राग नाही आला?"

"होता. नंतर सवय झाली. आमच्या धंद्यात घाई करून चालत नाही, ताई. पुढे खांदेकरी असतात."

प्राध्यापकांनी त्याची ओळख करून दिली, समीक्षेने घडवलेला कलावंत म्हणून. ट्रम्पेटवादक उठला आणि त्याने ती धून वाजवली. इतकी संथ वाजवली की दोन सुरांमध्ये मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी औषधाची गोळी काढली, पाणी मागितलं, गोळी घेतली आणि बाटली परत केली. लोक डोळे मिटून ऐकत होते. काही जण झोपले होते. पण झोपलेले कोणते हे सांगता येत नव्हतं. धून संपल्यावर प्राध्यापक माइकमध्ये फक्त "जिना" एवढंच म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

मग पुस्तकाचं प्रकाशन झालं, भाषणं झाली, आणि मुलीला बोलायला उभं केलं. कागद तिने आणला नव्हता.

"मी थोडक्यात सांगते," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचं रेकॉर्ड प्लेअर दुसऱ्या देशातलं होतं. तिथली वीज सेकंदाला साठ हेलकावे देते, आपली पन्नास. त्यामुळे ते मशीन सहापैकी पाचच पावलं चालायचं. जग साठने वाजवत होतं आणि बाबा पन्नासने ऐकत होते. चाळीस वर्षं. जे वादक त्यांना उतावळे वाटले ते उतावळे नव्हते. ते बरोबर होते."

ती थांबली. आता कुणीतरी उठून कात्रणं भिरकावेल, असं तिला वाटलं. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला.

"काय बोलल्या," त्या शेजारणीला म्हणाल्या. "जग साठने वाजवतं आणि ते पन्नासने ऐकतात. वडिलांचंच रक्त."

टाळ्या सुरू झाल्या. प्राध्यापकांनी आधी श्वास रोखला होता. तो सोडून त्यांनी माइक ओढून घेतला. "ताईंनी एका रूपकात सरांचं सगळं सौंदर्यशास्त्र बसवलं. मी शेहेचाळीस पानं घेतली."

मुलीने माइक परत घेतला. "हे रूपक नाही. मोटरला एक पितळेचं चाक असतं. ते चुकीच्या मापाचं होतं."

टाळ्या दुप्पट झाल्या. "पितळेचं चाक!" असं कुणीतरी पुटपुटलं आणि वहीत लिहून घेतलं. वर्तमानपत्राच्या तरुण वार्ताहराने हात वर करून विचारलं की चाक म्हणजे काळाचं चाक का. मुलगी म्हणाली, "नाही, मोटरचं." त्यानेही ते लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात 'काळाच्या मोटरचं' असं छापलं.

आई चौथ्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजवत नव्हती. पण भाषण छोटं झाल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

समारंभ संपला. मुलगी टेबलामागे बसून राहिली. समोर पुस्तकांचा ढीग होता आणि आता करायला काही उरलं नव्हतं. वडिलांचं नाव वाचलं होतं, नव्हे वाढलं होतं. खरं सांगूनही ते इतकं सुरक्षित राहील हे तिला ठाऊक नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि तसं वाटत नव्हतं.

टेबलाशी एक काळा कोट येऊन थांबला.

"पन्नास आणि साठ," ट्रम्पेटवादक म्हणाला. "ते रूपक नव्हतं."

"नव्हतं."

"म्हणजे मी तेव्हा बरोबर वाजवत होतो."

"हो, काका. अगदी बरोबर."

मग त्याने पुस्तकाची एक प्रत उचलली, पान १४३ काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. "इथे लिहून द्या."

मुलीने पेन उघडलं. समासात, मुद्रितं तपासताना लिहायची त्याच बारीक अक्षरात, तिने लिहिलं: 'हा मजकूर चुकीचा आहे. वादक बरोबर होता. यंत्र संथ होतं.'

त्याने चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं.

"पहिली दोन वाक्यं ठीक आहेत," तो म्हणाला. "तिसरं खोडा."

"पण तेच कारण आहे, काका."

"यंत्राने लेख लिहिला नव्हता, ताई. यंत्राला मी विचारायला आलो असतो तर यंत्राने मला बाहेरच्या बाहेर काढलं नसतं. मी आलो होतो तुमच्या घरी. लेख आल्यावर, चौथ्या दिवशी. मी म्हटलं, साहेब, मला तुमची ती जिन्याची रेकॉर्ड एकदा ऐकवा, माझं कुठे चुकतं ते बघतो. ते दारातूनच म्हणाले, ज्याला कान आहेत त्याला ऐकवावं लागत नाही. मी एकदा ऐकली असती तर दोन सुरांत सांगितलं असतं, मशीन हळू आहे म्हणून."

आवाज चढवून तो काहीच बोलला नव्हता. मुलीला तो दरवाजा माहीत होता. त्या दरवाजातला आवाजही माहीत होता. इतके दिवस ती सगळ्यांना मोटर, वीज, हेलकावे सांगत होती. सगळ्यांना सांगताना स्वतःलाही सांगत होती. तिने तिसरं वाक्य खोडलं. खाली लिहिलं: 'माझे वडील चुकले.' सही केली. तारीख घातली.

ट्रम्पेटवादकाने वाचलं आणि मान हलवली. शाई वाळेपर्यंत पान मिटलं नाही.

"माझ्यावर फार मोठा उपकार—" तो म्हणू लागला, आणि मग त्याला ते शब्द योग्य वाटले नसावेत. "बरं झालं," एवढंच म्हणून तो निघाला. दारापर्यंत तो बराच भराभर गेला. पेटी जड असूनही.

मुलीने मान वर केली, तर टेबलासमोर रांग लागली होती. लेखिकेची सही मिळतेय अशी समजूत पसरली होती. पहिल्या होत्या त्या रुमालवाल्या बाई. त्यांनी प्रत पुढे केली.

"त्यांना काय लिहून दिलंत ते मी बघितलं," त्या म्हणाल्या. "फार हृद्य आहे. मलाही तेच द्या. त्याच पानावर."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग पान १४३ काढलं आणि लिहिलं. हा मजकूर चुकीचा आहे. वादक बरोबर होता. माझे वडील चुकले. बाई वाचून गहिवरल्या. मागचे आजोबा म्हणाले, मलाही. वार्ताहर म्हणाला, मलाही. प्राध्यापकांनी वाचलं, क्षणभर थबकले, मागे रांग पाहिली आणि म्हणाले, "ताई, दुसऱ्या आवृत्तीत हे छापूनच टाकू. हस्ताक्षरातच. फार खपेल." तिने एकोणीस प्रतींवर लिहिलं. पहिल्या चार वेळा शेवटच्या वाक्याशी पेन अडलं. पाचव्या वेळी थोडंसंच. दहाव्यानंतर ते वाक्य इतर कुठल्याही वाक्यासारखं होऊन गेलं, आणि तिला वाटलं, हे बाबांना फोनवर सांगता आलं असतं. ते चिडले असते. आठवडाभर बोलले नसते. मग शुक्रवारी कधीतरी म्हणाले असते, सांग, कोणत्या मापाचं चाक होतं म्हणालीस.

विसावी प्रत पुढे आली. धरणारा हात ओळखीचा होता.

"तू पण?" मुलीने विचारलं.

"रांग दिसली, उभी राहिले," आई म्हणाली. "काय लिहितेयस सगळ्यांना?"

मुलीने लिहिलं आणि पुस्तक वळवून तिच्यासमोर धरलं. आईने हाताच्या अंतरावर धरून, ओठ हलवत, तिन्ही वाक्यं वाचली. मग समासावरून बोट खाली पानाच्या कडेपर्यंत नेलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "खाली बरीच जागा आहे की."